शेवटच्या प्रवेशातला पॉज

माझ्या मावशीचा सारा जन्म विंगेतल्या अंधारात बसून दुसऱ्यांना बोलतं ठेवण्यात गेला. ती नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होती. बुटक्या खुर्चीवर, मांडीवर संहिता आणि हातात छोटा टॉर्च घेऊन बसायची आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानावर अलगद घालायची. प्रेक्षकांना तिचा आवाज ऐकू जायचा नाही. घरी तो जिन्याखालपर्यंत ऐकू यायचा, पण तो विषय वेगळा.

तिचा नवरा त्याच मंडळीतला मुख्य नट. मी त्यांना काका म्हणायची, बाकीचे राजेसाहेब म्हणायचे. घरी राजेसाहेबांना साधा चहा करता यायचा नाही, पण स्टेजवर मुलींमध्ये राज्य वाटून टाकणारा आणि मग वादळात उघड्यावर पडणारा म्हातारा राजा त्यांनीच करावा. नाटक एका इंग्रजाचं. त्याला जाऊन चारशे वर्षं झाली, आमच्या भाषेचा एक शब्द त्याच्या कानावर पडला नाही, तरी मंडळीचं पोट त्याच्यावरच चालायचं. नवीन नाटक आणलं की निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मग मॅनेजर म्हणायचे, "चला, म्हाताऱ्याला बाहेर काढा." म्हातारा बाहेर काढला की तिकीट खिडकीवर रांग. दुकानदार, नर्स, निवृत्त मास्तर, सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेली माणसं, सगळी येऊन पोटभर रडून जायची. मोठी माणसं त्यावर व्याख्यानं देतात. मला विचाराल तर घरातल्या म्हाताऱ्याचं काय करायचं हे अजून कुठल्याच देशात कुणाला उमगलेलं नाही, एवढीच गोष्ट आहे.

मी मंडळीच्या कपडेपटात शिवणकाम करते. राजाचा झगा माझ्याकडेच असायचा. एका वर्षी त्याच्या डाव्या खांद्यावरची कड सारखी उसवायला लागली. मी शिवायची, पुढच्या प्रयोगाला पुन्हा उसवलेली. आधी उंदरांना शिव्या घातल्या. मग एकदा विंगेतून नीट पाहिलं. काका बोलता बोलता थांबत होते, उजव्या हातानं खांद्यावरची कड ओढत होते आणि लगेच मावशीचे ओठ हलत होते.

मी मावशीला गाठलं. ती आधी फणकारली, मग खाली बसली. "विसरायला लागलेत. वर्ष झालं. कड ओढली की मी शब्द द्यायचा, असं ठरलंय आमचं."

"आणि नाही ओढली तर?"

"तर तो त्यांनी घेतलेला पॉज. त्यात तोंड उघडायचं नाही. थांबलेल्या नटाला शब्द देणं म्हणजे भर सभेत त्याच्या थोबाडीत मारणं. तू कड शीव आणि गप्प बस. भूमिका काढून घेतली तर हा माणूस आठवड्यात मरेल."

मी कड शिवत राहिले. मावशीनं त्या माणसाला शब्दाशब्दानं उचलून धरलं होतं आणि बघणाऱ्यांना ते अभिनयात मुरणं वाटत होतं. पूर्वी काका भाषणं धबधब्यासारखी सोडायचे. आता अडखळत, शोधत बोलायचे आणि लोक म्हणायचे, वयानं काय खोली आली आहे बघा.

मग तो दुपारचा प्रयोग आला. शेवटचा प्रवेश. मेलेल्या धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन राजा बसलेला असतो आणि तिचा श्वास चालतोय का ते बघत असतो. मुलीचं काम करणारी पोरगी डोळे मिटून पडली होती. काका बोलत होते आणि एका वाक्याच्या मध्येच थांबले.

उजवा हात मुलीच्या केसांवर होता, तो तिथून उठला नाही. मावशीनं टॉर्च ओळीवर धरला होता, बोट पुढच्या शब्दावर होतं आणि नजर त्या हातावर. हात उठेना, म्हणून ती थांबली. सगळं सभागृह थांबलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. हात केसांवरून घसरून खाली लोंबकळला, मान एका बाजूला झुकली. मुलीच्या गालावर ओलं काहीतरी पडलं. तिला वाटलं, आज राजेसाहेब खरंच रडले. ती मेलेली होती, त्यामुळे तिलाही हलायची चोरी.

शेवटी शेजारी उभ्या असलेल्या सरदारानं धीर करून आपलं वाक्य म्हटलं, नाटक संपलं, पडदा पडला. टाळ्या थांबेनात. नमस्कारासाठी पडदा पुन्हा वर गेला तेव्हा सगळे उठले, काका उठले नाहीत. गालावरचं पाणी म्हणजे तोंडातून गळणारी लाळ होती. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती आणि ज्या हातानं खूण करायची तोच हात सगळ्यांत आधी गेला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्या शांततेवर कौतुकाचा मजकूर आला. असा पॉज या रंगभूमीनं पाहिला नव्हता म्हणे. लिहिणाऱ्याला बातमी कळलेली नव्हती हे मला समजतं, तरी तो माणूस समोर दिसला असता तर मी हातातली कात्री आधी खाली ठेवली असती की नाही, सांगता येत नाही.

काका जगले. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. पाणी म्हणता येईना, मावशीला हाक मारता येईना. पण नाटकातली भाषणं शाबूत होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की रोजचं बोलणं आणि घोटून पाठ केलेलं, दोन्ही एकाच वेळी जातील असं नसतं, कुणाकुणाचं पाठांतर वाचतं. म्हणजे तहान लागली की काका तोंड उघडायचे आणि बाहेर पडायचं वादळातलं भाषण. भांडं हवं असलं की थोरल्या मुलीला दिलेले शाप. मावशी त्यावरून काय हवंय ते ओळखायला शिकली. कधी चुकायची, मग चादर बदलायची.

भेटायला येणारे थक्क होऊन जायचे. एक प्राध्यापक खुर्ची पुढे ओढून ऐकत बसले आणि म्हणाले, "चमत्कार आहे हो. सगळं गेलं, पण तो नाटककार राहिला."

"त्यांना लघवीला लागलीय," मी म्हटलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दुपारी घरात शांत झालं की काका शेवटच्या प्रवेशावर यायचे. रोज त्याच वाक्यापर्यंत नीट जायचे आणि तिथंच थांबायचे. मग डावा हात वर यायचा आणि बनियनच्या खांद्याशी काहीतरी शोधायचा. मावशी पुढचे शब्द सांगायची. ते वाक्य पुरं करायचे आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"ते मागत होते गं," ती म्हणाली. "त्या दिवशी मागत होते. शब्द माझ्या बोटाखाली होता आणि मी कौतुकानं बघत बसले."

मी म्हटलं, मावशी, शब्द दिला असतास तरी गुठळी थांबली नसती. ती म्हणाली, "गुठळीचं कोण बोलतंय? तो माणूस तिथं सगळ्यांसमोर एकटा पडला होता." पुढच्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि काका गेले.

मंडळीनं म्हाताऱ्याला पुन्हा बाहेर काढलं. इतकी वर्षं सेनापती करणारा नट राजा झाला. संहिता मावशीइतकी कुणाच्या हातातली नव्हती, म्हणून दिग्दर्शक स्वतः घरी येऊन तिला घेऊन गेले. आमच्या मंडळीत शेवटचा प्रवेश तालमीत पुरा करत नाहीत, अपशकुन मानतात. त्यामुळे नव्या राजानं काय योजलंय ते पहिल्या प्रयोगापर्यंत आम्हा दोघींना कळलं नाही.

मी विंगेत मावशीच्या मागे उभी होते. नवा राजा त्याच वाक्यात, त्याच शब्दावर थांबला. उजवा हात केसांवरून हळूहळू घसरू दिला. मान तशीच झुकवली. सगळं अगदी हुबेहूब. समोरच्या रांगांत लोकांनी श्वास रोखला. पेपरातलं वाचून कित्येकजण त्या पॉजसाठीच आले होते.

मावशीच्या टॉर्चचा उजेड कागदावर नाचत होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला आणि पुढचं वाक्य मोठ्यानं म्हटलं. घरातल्या आवाजात. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मागे कुणीतरी हसलं. नवा राजा दचकला आणि सवयीनं वाक्य म्हणून मोकळा झाला.

पडद्यानंतर तो लालबुंद होऊन आला. दिग्दर्शकांनी त्याला मागे सारलं आणि हात जोडून विचारलं, "काय केलंत हे? तो पॉज होता."

"ठाऊक आहे."

"ती राजेसाहेबांची आठवण आहे, बाई. त्यांची मानवंदना म्हणून ठेवलीय."

"त्यांना तिथं थांबायचं नव्हतं," मावशी म्हणाली. "त्यांना पुढे बोलायचं होतं."

दिग्दर्शक वाईट माणूस नाहीत. त्यांनी मान खाली घातली, पण दुसऱ्या दिवशी तिला येऊ नका असा निरोप पाठवला. पॉज राहिला. आता तो नाटकातच लिहिलेला आहे असं नव्या पोरांना वाटतं. झगा मीच शिवते, खांद्यावरची कड आता उसवत नाही.

गेल्या वर्षी परदेशातली एक मंडळी पाहुणी म्हणून आली होती. त्यांच्या भाषेतही तेच नाटक चालतं. ते प्रयोगाला बसले, रडले आणि दिग्दर्शकांची रीतसर परवानगी घेऊन पॉज आपल्याबरोबर घेऊन गेले. नंतर त्यांच्या प्रयोगाचा फोटो आला. कुठल्याशा अनोळखी शहरात एक गोरटेला म्हातारा मांडीवर मुलगी घेऊन बसला आहे आणि त्याचा उजवा हात खाली लोंबतो आहे. मावशीला कुठून तरी कळणारच होतं, म्हणून मीच तिला फोटो दाखवला.

तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"तिथं शब्द द्यायला कोण बसतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, मावशी. ते लोक प्रॉम्प्टर ठेवत नाहीत."

तिनं फोटो मला परत दिला. त्या रात्री ती जेवली नाही.