तळमजल्यावरच्या काकांचा भाडेपट्टा

छापलेला कागद आमच्या तळमजल्यावरच्या काकांसमोर आला आणि वाचल्याशिवाय परत गेला, असं या भूतलावर कधी घडलं नाही. खोकल्याचं औषध आणलं की खोक्यातला घडीचा कागद ते आधी दोन्ही बाजूंनी वाचायचे. तोवर खोकला बहुधा कंटाळून गेलेला असायचा. लग्नाला गेले की आहेराच्या आधी पत्रिकेतल्या चुकांची यादी यजमानांच्या हाती पडायची. दुसऱ्या मजल्यावरचे पॉवरलूमवाले चाचा एखाद्या कागदावर त्यांची साक्षीदार म्हणून सही मागताना हात जोडायचे, "भाईसाब, सिर्फ दस्तखत. पढ़ना मत, कल देना है." काका मान डोलवायचे आणि वाचायला घ्यायचे. कागद चार दिवसांनी वर जायचा, समासात पेन्सिलीच्या खुणा घेऊन.

नारपोलीतली आमची बिल्डिंग बारा घरांची. मी तिचा सेक्रेटरी होतो, कारण सेक्रेटरी निवडायच्या मीटिंगला मी एकटाच गैरहजर होतो. आधीच्या सेक्रेटरीने दिलेली फाइल मी कपाटावर ठेवली आणि तिच्यावर इस्त्री ठेवली. काका एकदा इस्त्री मागायला आले आणि फाइल घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे.

"तुमचं घर कोणाचं आहे?"

"माझंच," मी म्हणालो.

"घर तुमचं. खालची जमीन राहनाळ गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांची, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्यातले अकरा महिने उरलेत." मग जरा थांबून म्हणाले, "सहाव्या पानावर शुद्धलेखनाच्याही चुका आहेत."

त्या काळात मानकोली-राहनाळकडे जिथे बघावं तिथे गोडाऊनं उभी राहत होती, आणि बाबांची मुलं आमच्या प्लॉटकडे कोणत्या नजरेने बघत असतील ते सांगायला नको. रविवारी काकांना स्कूटरवर मागे घेऊन मी राहनाळला गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. गोड माणूस, पण एक घाव दोन तुकडे.

"मुदत सरली का जमीन माजी. पोरांनी ठरवलंय. आता चा घ्या."

मी लगेच कप उचलला. काकांनी पिशवीतून भाडेपट्टा काढला. "बाबा, एकदा वाचून दाखवू? म्हणजे काय सरतंय ते कळेल."

"वाचा की. मना कुटं वाचता येतंय!"

काकांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बाबांना दोनदा डुलकी लागली. दोन्ही वेळा काका थांबले आणि बाबांनी डोळे उघडल्यावर त्याच ओळीपासून पुढे निघाले. त्या दिवशी चार पानं झाली. असे पाच रविवार गेले. बाबा त्यांना मास्तर म्हणू लागले. जमिनीचं विचारलं की मात्र "न्हाय" म्हणायचे आणि चहा मागवायचे. घरी परतताना मी चिडचिड करायचो, मागून काका शांतपणे सांगायचे, "अजून परिशिष्ट राहिलंय."

सहाव्या रविवारी ओट्यावर एक नवा कागद होता. घरापुढचं शेत गोडाऊनवाल्याला द्यायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी बाबांचा अंगठा व्हायचा होता. काकांचा हात आपोआप तिकडे गेला.

"त्याची गरज न्हाय, काका," थोरला मुलगा म्हणाला. "एजंटनं समदं समजावलंय."

काका तोवर दुसऱ्या पानावर पोचले होते. नवव्या पानावर ते मध्येच थांबले. त्यांना वाक्य अर्धवट सोडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, यात शेताबरोबर तुमच्या घराची वाटही जातेय. उद्यापासून तुम्हाला या ओट्यावर यायचं तर गोडाऊनवाल्याची परवानगी काढावी लागेल."

मुलाने कागद ओढून घेतला. ओठ हलवत ते वाक्य वाचलं आणि खाली बसला. बाबा वाटेकडे बघत होते.

"मास्तर, परत वाचा. पयल्यापासून."

या वेळी त्यांना डुलकी लागली नाही.

तो अंगठा काही झाला नाही. पुढच्या महिन्यात आमच्या मुदतवाढीचा कागद तयार झाला. किती वर्षं घालायची असं वकिलाने विचारलं तेव्हा मुलांनी बापाकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नव्याण्णव लिवा. परत परत कोन येनार?" रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात काकांनी अख्खा दस्त मोठ्याने वाचला. मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा बाबांनी शाईने माखलेला अंगठा वर धरून सगळ्यांना सांगितलं, "कोनी घाई करू नका. मास्तर वाचतात." बारा घरं त्या दुपारी पुन्हा आमची झाली. चाचांनी सगळ्या जिन्यात पेढे वाटले.

त्या नव्याण्णव वर्षांपैकी काकांच्या वाट्याला दोन आली. एकटेच राहायचे, न्हाणीघरात पाय घसरला आणि मुलगी नाशिकला घेऊन गेली. निघताना मला म्हणाले, "तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे." तळमजल्यावरच्या माणसाने लिफ्टचं कौतुक करावं, तेव्हा ते आता परत येत नाहीत हे मी समजलो.

पुढच्याच रविवारी बाबा आले. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. तळमजल्याला कुलूप बघून जिना चढून माझ्याकडे आले. मी सगळं सांगितलं. चहा दिला.

"नाशकाचं घर कोनाच्या जमिनीवर हाय?" कप खाली ठेवत त्यांनी विचारलं.

"लेकीचं आहे, बाबा. जमिनीसकट."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि बराच वेळ उठले नाहीत.