चक्करेच्या दोन गोळ्या

कुपवाडच्या एका कारखान्यात मी लेथवर, लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर, होतो. एका सकाळी मशीनबरोबर अख्खं शेडच माझ्याभोवती फिरायला लागलं. मी खाली बसलो, ओकलो. शेजारच्या मशीनवरच्या मित्राने गाडीवरून घरी आणून सोडलं. पित्त असेल म्हणून बायकोने आल्याचा रस दिला. पण चक्करेचे झटके येतच राहिले, आणि डाव्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून आतल्या कानाचा आजार असल्याचं सांगितलं. त्यांच्या पहिल्या गोळीने चक्कर थांबली, पण दिवसभर गुंगी असायची. एकदा जेवताना घास हातातच राहिला. बायको म्हणाली, "आवं, चक्कर गेली, पण तुमीबी गेल्यासारखं झालंय."

लेथवर डुलकी लागली तर हातच जायचा. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी ती गोळी जोराच्या झटक्यापुरती ठेवली आणि रोजची म्हणून दुसरी दिली. तिने गुंगी येत नव्हती, डोकं साफ असायचं. पोटात मात्र जळजळायचं, आणि चक्कर अधूनमधून यायचीच. ती आता पूर्ण शुद्धीत भोगावी लागायची, भिंतीला धरून.

यातली चांगली कोणती, असं मी सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले,

"पहिली झटका दाबते, पण रोज घेतली तर तोल सावरायला शरीर शिकत नाही. दुसरीने काहींना फरक पडतो, काहींना नाही. तुमचं आधी सांगता येणार नाही."

खोटा धीर दिला असता तरी मला चालला असता.

मग एका पाळीत चक्कर आली आणि आधारासाठी टाकलेला माझा हात फिरत्या मशीनकडे गेला. मित्राने धावत येऊन बटण दाबलं. तो रागावला नाही. "गड्या, आता बास कर," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मालकांनी मला लेथवरून काढून माल तपासायच्या टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी घडवलेला माल मी मापून बाजूला ठेवतो. माझी मोटरसायकल मेव्हण्याला दिली. आता मित्राच्या मागे बसून जातो. तो वाटेत काहीबाही बोलत असतो. आजाराने डावा कानही गेलाय, त्यामुळे त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही. मी हूं म्हणतो.

दुसरी गोळी चालू आहे. झटके कमी झालेत. ते गोळीमुळे की आजारच आता थकलाय, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.