चोरीच्या दाराची बेल

या, बागेतल्या या बाकावर अशा जवळ बसा. चहा नंतर, आधी थोडं रागावते. घराचं काम काढलंत की चांगली दारं, खिडक्या, फरशा फोडून राडारोड्यात टाकता आणि वर मलाच सांगता, जुन्याला कोण विचारतं म्हणून. विचारतात हो. अशाच एका जुन्या दारासाठी माझं ठाणं तीन दिवस कामाला लागलं होतं. निवृत्त झाले तरी ती घटना काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे आहे. नावं मात्र कोणाची सांगणार नाही, तेवढं विचारू नका.

मी तेव्हा शहराच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होते. कात्रजकडे एक मोठं आवार होतं. पुनर्विकासाला गेलेल्या इमारती पाडायच्या आधी तिथली माणसं जाऊन घरातलं सामान अलगद उतरवून आणायची. खिडक्यांच्या चौकटी ज्या कारखान्यातून आल्या त्याच कारखान्याला परत जायच्या, फरशा धुऊन पुन्हा विकायला, दारं घासूनपुसून दुसऱ्या इमारतीत. मला हे माहीतच नव्हतं. आम्हा पोलिसांना जुनं सामान म्हटलं की भंगारवाला आणि चोरीचा माल, एवढंच सुचतं.

एका सकाळी त्या आवाराचे मालक सुपरवायझर बाईंना घेऊनच ठाण्यात आले. बाई वर्ध्याकडच्या, पस्तिशीच्या, सडपातळ, नजर सरळ. एका सोसायटीतून चाळीस दारं आली होती. सोमवारी ती एका शाळेला जायची होती. मोजली तर एकोणचाळीस. गोदामाची किल्ली बाईंकडे, म्हणून संशय बाईंवर. मालकांनी माझ्यासमोरच सांगितलं की सोमवारपर्यंत दार मिळालं नाही तर नोकरी बंद. बाई राहायच्याही आवारातल्याच खोलीत. म्हणजे नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही गेलं असतं, आणि चोर हा शिक्का कपाळावर.

तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि बाईंना समोर बसवलं. तासभर विचारलं. किल्ली कुठे ठेवता, कोणाला दिली, भंगारवाला कोण ओळखीचा. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, एक दार नेऊन मी काय करीन जी? माझ्या खोलीले तर आहे दार." तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण वर्दीत असलं की आपल्याला वाटतं, शांत माणूस म्हणजे तयारीचा माणूस.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. दार टेम्पोतून एक म्हातारे गृहस्थ घेऊन गेलेत, बाईंना उगाच छळू नका, एवढं बोलून फोन बंद. आमच्या ठाणे अंमलदाराने नंबर पाहिला, तर तो आवाराच्या वॉचमनचा. तक्रारीखाली मालकांनी साक्षीदार म्हणून त्याचाच नंबर लिहून दिलेला. असे निनावी फोन आम्हाला फार आवडतात.

वॉचमनला बोलावलं. तो घामाघूम. बाई जेवायला गेल्या होत्या, तेव्हा पांढऱ्या शर्टातले, हातात छत्री धरलेले एक आजोबा टेम्पो घेऊन आले. गोदाम उघडंच होतं. दार दुरुस्तीला न्यायचंय म्हणाले. याने चिठ्ठी मागितली, तर म्हणाले, "गेट उघडायला तुम्हाला वेगळं निमंत्रण पाठवू का?" हा इतका घाबरला की दार टेम्पोत यानेच चढवलं. नंतर बोंब झाली तेव्हा सांगायची हिंमत होईना.

आता पांढरा शर्ट, छत्री, आणि समोरच्याचा पाणउतारा करणारे आजोबा पुण्यात शोधायचे कसे? त्या वर्णनात माझे स्वतःचे सासरे बसत होते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आवारात गेले. हवालदाराने दारं मोजली, मी मोजली, मालकांनी पुन्हा मोजली. एकोणचाळीसच. बाई बाजूला उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाल्या, "कालपासून सारे किती गेले तेच विचारून राहिले. कोणतं गेलं ते कोणीच नाही विचारलं." आणि स्टूल ओढून त्यावर चढल्या.

त्यांची एक पद्धत होती. दार उतरवलं की त्याच्या वरच्या कडेवर तेलरंगाने घराचा नंबर घालायचा. पुढे लिहिलं तर घासताना जातो, वरची कड कोणी घासत नाही. बाई एकेक कड वाचत गेल्या. बारा नंबर नव्हता. रजिस्टर उघडलं. बारा नंबर, दुसरा मजला, निवृत्त शिक्षक. सोसायटीकडून त्यांचा बिबवेवाडीतला भाड्याचा पत्ता मिळाला.

तिसऱ्या दिवशी मी बाईंना बरोबर घेऊन गेले, माल ओळखायला. नवी कोरी इमारत, सगळ्या घरांना एकसारखी चॉकलेटी दारं, आणि मधेच एक जुनं हिरवं दार, पितळी कडीचं. लपवणं वगैरे काही नाही, दारावर स्वस्तिक काढलेलं. आम्ही चोरीच्या मालाचीच बेल वाजवली.

आतून एका वयस्कर बाईंचा आवाज आला, "ढकलू नका हं, ही कडी जरा रुसते, मीच काढते." आणि दार उघडलं. मावशी आमच्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहून हसत होत्या. साखरेने नजर जवळजवळ गेलेली.

मागून गुरुजी आले. माझी वर्दी पाहिली आणि म्हणाले, "या. चपला बाहेर काढा. चोर असलो तरी फरशी पुसलेली आहे." मग हळू आवाजात म्हणाले की हिला यातलं काही माहीत नाही, गॅलरीत बोलू.

गॅलरीत त्यांनी सगळं सांगितलं. नव्या घरात मावशींना दार सापडायचं नाही, सापडलं तर कुलूप उमजायचं नाही. कोण येतंय, कोण जातंय, काही कळेना. दोन महिने त्या एकाच खुर्चीत बसून होत्या, स्वयंपाकघरातसुद्धा जात नव्हत्या. जुन्या दाराची कडी त्यांच्या बोटांना पाठ. दारं कुठे गेली ते गुरुजींनी सोसायटीत विचारलं, चौकट मोजली, दार आणलं, सुताराकडून कडेला थोडा रंधा मारून बसवलं. घरमालकाचं दार चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलं. त्या दिवसापासून मावशी स्वतः दार उघडतात आणि पोळ्याही करतात.

बाईंनी विचारलं, "काका, मागितलं का नाही मग?"

"सही करून दिलेली वस्तू परत मागायची? आमच्या घरात तसं शिकवलेलं नाही."

"आणि चोरायचं शिकवलं होतं?" मी म्हटलं.

गुरुजींनी आत मावशींकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मी स्वतः शिकलो. शहात्तराव्या वर्षी."

बाई हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "आमचं कामच परत घ्यायचं आहे जी. परत द्यायला कोण नाही म्हणते?"

मालकांना तिथेच बोलावलं. ते तणतणत आले. मावशींनी कडी काढली, गरम थालीपीठ पुढे ठेवलं, आणि साहेबांचा आवाज दुसऱ्या घासाला खाली आला. तक्रार नाही, दार आमच्या संमतीने यांच्याकडे राहील, असा जबाब त्यांनी लिहून दिला. शाळेचं चाळिसावं दार पुढच्या इमारतीतून निघणार होतंच. बाईंनी मात्र एक अट घातली. चोर म्हणताना आवारातले सगळे ऐकत होते, आता नाही म्हणतानाही ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्या कामगारांसमोर माफी मागितली. त्यांच्यानंतर मीही मागितली, वर्दीत. माझ्या नोकरीतलं ते काम मला आजही आवडतं.

गुरुजींना शिक्षा बाईंनीच केली. दर मंगळवारी आवारात यायचं आणि दारांच्या कडांवर नंबर घालायचे. फळ्यावरचं वळणदार अक्षर, रजिस्टरसुद्धा वाचायला छान वाटायला लागलं. वॉचमनला ते अजून टोमणे मारतात, पण आता चिठ्ठी दाखवून.

त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की किती गेलं हे मोजून थांबू नये, काय गेलं ते विचारावं. उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं. आणि आपल्याकडे चांगल्या चांगल्या माणसांना चोरी जमते, मागणं जमत नाही. तर मागत चला.

माझ्या स्वयंपाकघराचं दार त्याच आवारातलं आहे, वरच्या कडेवर गुरुजींचा नंबर. फोनवर खुशाली विचारून भागवू नका, पुढच्या रविवारी घरीच या. स्टूल काढून ठेवते, चढून स्वतः वाचा.