बेटांमधली शेवटची फेरी

कप्तान कुणाची माफी मागत नसे. बसमध्ये दुसऱ्याच्या पायावर याचा पाय पडला, तरी "पाय आत घ्यायला काय होतं?" असं वर त्यालाच विचारी. असला माणूस मी सातपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं शेजारच्या मशीनवर सोसला. मला त्याचा राग येई, आजही येतो, आणि कुणी त्याच्याबद्दल गोड बोलायला लागलं की जास्तच येतो.

समुद्र त्यानं धड पाहिलाही नव्हता. कुठल्याशा मासिकात शिडाच्या बोटीचं चित्र दिसलं आणि पठ्ठ्यानं अंगणात प्लायवूडची बोट ठोकली. मांडववाल्याकडचं जुनं कापड आणून स्वतः शीड शिवलं. गंगापूर धरण भरलं की मागच्या अंगाला टेकड्यांची बेटं होतात. त्या बेटांमधून तो रविवारी आम्हाला फिरवी. आम्ही म्हणजे मी आणि पॅकिंगमधला बाळू. कोजागरीनंतर पाणी उतरायला लागलं की शेवटची फेरी. बोटीत पाय ठेवला की याचं सुरू, "इथं मत द्यायचं नाही, हुकूम ऐकायचा." मोठा आरमारप्रमुखच लागून गेला होता!

एका वर्षीच्या शेवटच्या फेरीत दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते. मी म्हटलं, "अरे वळव, अडकू."

"वश्या, तोंड बंद."

खालून खर्रकन आवाज आला, वाऱ्यानं शीड लोटलं आणि बोट आडवी झाली. बाळूला पोहता येत नव्हतं. मी त्याचे केस धरून त्याला वर ओढतोय आणि हा शहाणा ओरडतोय, "शीड धरा, शीड!"

कसेबसे बेटावर चढलो. बाळू पाणी ओकत होता, काकडत होता. कप्तानानं शीड उन्हात पसरलं. ते जरा सुकल्यावर मी उचलून बाळूभोवती गुंडाळलं, तर म्हणतो, "चुरगळेल रे!" तिथंच त्याचा गळा धरावासा वाटला.

"त्याची माफी माग," मी म्हटलं.

"त्याला पोहता येत नाही, त्यात माझी काय चूक?"

"जाऊ दे ना वश्या," बाळू पुटपुटला. मी जाऊ दिलं नाही. वर्षभर कप्तानाशी बोललो नाही, डबासुद्धा वेगळ्या बाकावर खाल्ला.

पुढच्या कोजागरीनंतर तो स्कूटर घेऊन माझ्या दारात. मागं बाळू, खांद्यात ट्रकची फुगवलेली ट्यूब अडकवून.

"चल, शेवटची फेरी," कप्तान म्हणाला.

"आधी त्याची माफी माग."

तो बाळूकडे वळला. "ही ट्यूब इथंच ठेव. माझ्या बोटीचा अपमान आहे."

आणि बाळूनं, ज्याच्यापायी मी वर्षभर जळत होतो त्या बाळूनं, हसत ती काढून माझ्या हातात दिली. "सांभाळ रे. संध्याकाळी नेतो. याला एकट्याला कसं सोडू?"

"जा, मरा दोघं!" मी ओरडलो, आणि दिवसभर ट्यूब मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. जेवण गेलं नाही. दिवेलागणीला स्कूटर वाजली, दोघं धडधाकट आले. बाळूला ट्यूब दिली, त्या माणसाकडे पाहिलंही नाही.

पुढं कप्तान मुलाकडे सुरतेला गेला आणि तिकडंच वारला. माफी त्यानं शेवटपर्यंत मागितली नाही. बाळूला ती कधी नकोच होती. मला हवी होती.