दीडच्या आत चिनी महाल

प्रश्न साधा होता. वाळूजच्या वसाहतीतून सकाळी पावणेनऊला निघालेली बस तीस बायकांना देवगिरीच्या किल्ल्यातील चिनी महाल दाखवून दुपारी दीडच्या आत परत येऊ शकते का?

तेव्हा मी कारखान्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या एका बस कंत्राटदाराकडे रूट इन-चार्ज होतो. कोणती बस कुठून, किती वाजता सुटेल, याचा तक्ता आखणे हे माझे काम. प्रश्न मात्र तक्त्यातून आलेला नव्हता. आम्ही बसवाले जेवत असू, त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तेवीस वर्षे पोळ्या लाटणाऱ्या रुक्मिणमावशींचा तो होता. महिनाअखेरीस त्या काम सोडून गंगापूरला लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. निरोपाला काय द्यावे, असे मी विचारले.

“साडी नगं, सर. त्यो चिनी महाल दावा.”

लहानपणी मावशींनी त्याच किल्ल्याच्या तटाखाली मेंढरे राखली होती. आत मात्र कधी गेल्या नव्हत्या. “मेंढरं बाहेर टाकून आत कसं जावं? आन् मेंढरांसकट कोन सोडतंय?” पुढे लग्न झाले, नोकरी लागली, आणि तासाभराच्या वाटेवरचा किल्ला तसाच राहून गेला. कँटीनमधल्या इतर बायकांचीही हीच गत होती.

बॉयलरच्या तपासणीसाठी कँटीन एक दिवस बंद राहणार होते. मी सेठकडे, म्हणजे आमच्या कंत्राटदाराकडे, बस मागितली.

“डेड टाइममध्ये न्या,” सेठ म्हणाले. डेड टाइम म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधला, बस नुसती उभी असते तो वेळ. जनरल शिफ्ट साडेआठला गेटवर उतरते आणि दुसऱ्या शिफ्टसाठी बस दीडला स्टँडवर लागते. “पण एक मिनिट लेट झालात, तर शिफ्ट रस्त्यावर उभी राहील. मग ह्यापुढे कोणाचीच सहल नाही. मावशींना सांगा, किल्ला कुठे पळून जात नाही.”

“किल्ला जात नाही, सेठ. मावशी जाणार आहेत.”

सेठनी कागदावर सही केली.

मी तयारीला लागलो. मोटारसायकलवरून दोन्ही रस्ते तपासले. नगर नाक्यावरून पडेगाव-मिटमिट्याचा रस्ता चांगला, पण तेथे रोज नवे प्लॉटिंग सुरू होते आणि वाळूचे ट्रक आडवे लागत. करोडीकडून जाणारा रस्ता खडबडीत, पण मोकळा होता. मी करोडी निवडले. एका बाजूला पन्नास मिनिटे धरली.

किल्ल्यातील चालही मोजली. महाद्वारातून आत गेले की चाँद मिनार लागतो. तेथून पुढे दरवाजे आणि पायऱ्या चढत गेले की चिनी महाल येतो. मला पंचवीस मिनिटे लागली. मावशींना किती लागतील, हे कळण्यासाठी मी त्यांना कँटीनपासून गेटपर्यंत चालायला लावले आणि घड्याळ धरले.

“मला काय शर्यतीची घोडी समजला व्हय, सर?”

“चाला हो, मावशी. तक्त्यासाठी आहे.”

या हिशेबाने मावशींना चाळीस मिनिटे लागणार होती. त्यात पाहण्याचा वेळ, वाटेतली विश्रांती आणि पंचवीस मिनिटे राखीव धरली. तक्ता पूर्ण झाला. तो मला निर्दोष वाटला.

ठरलेल्या सकाळी पावणेनऊला बस कँटीनच्या बायका राहत त्या वस्तीच्या तोंडाशी लागली. चारच बायका उभ्या होत्या. नऊ वाजता रुक्मिणमावशी आल्या. अंगावर नवी साडी आणि हातात रिकामी बादली.

“टँकर आलाय, सर.”

येथे थोडे सांगायला हवे. ती दुष्काळाची वर्षे होती. वस्ती आधी वाढली होती, नळ अजून यायचे होते. प्रत्येक गल्लीला टँकरची पाळी असे. काल चुकलेली पाळी आज आली होती. आणि गल्लीचा नियम असा, की ड्रमपाशी घरचे माणूस उभे असेल तरच पाइप त्या ड्रमात जाईल. माणूस नाही, तर पाणी नाही. पुढची पाळी आठवड्याने.

माझ्या तक्त्यात खडबडीत रस्ता होता, पायऱ्या होत्या, ट्रक होते. टँकर नव्हता.

“शेजारणीला सांगा ना भरायला,” मी म्हणालो.

“तिचं तिनं भरावं का माझं? पाइप येकच हाय,” मावशी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, सर. बस माघारी न्या. तुमची नोकरी जायची.”

आमचे ड्रायव्हर सलीमभाई स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते. “क्या करना, सर? सेठ को फोन लगाऊं?”

मी खिशात हात घातला. फोन काढला नाही. शिफ्टची यादी काढली. रोज सकाळी तिसऱ्या शिफ्टच्या, म्हणजे रात्रपाळीच्या माणसांना याच वस्तीत आमचीच बस सोडत असे. कोणता पुरुष या क्षणी घरात झोपलेला आहे, हे त्या गल्लीत माझ्याइतके नेमके कोणालाच माहीत नव्हते.

मी पहिले दार वाजवले. आतून बायकोचा आवाज आला, “अहो उठा, बसवाले सर आलेत!” नवरा बनियनवरच धडपडत बाहेर आला.

“सर, शिफ्ट तर करून आलो की!”

“शिफ्ट झाली. आता ड्रम भरा.”

“कुणाचा?”

“तुमचा, आणि ज्या घरी आज पुरुष नाही, त्या शेजारच्या दोन घरांचा.”

“पण नियम हाय, घरचंच माणूस पायजे.”

रांगेतली एक म्हातारी ओरडली, “आरं, आज सोताला ह्या गल्लीचा जावई समज! धर पाइप!” सगळी रांग हसली. नियम तेथेच वाकला. अकरा पुरुष डोळे चोळत निळ्या ड्रमांपाशी उभे राहिले. एक जण उभ्या उभ्या पेंगत होता. त्याची बायको बसच्या पायरीवरून म्हणाली, “सांडलं, तर संध्याकाळी बघते तुमच्याकडं!”

बस नऊ पंचवीसला निघाली. चाळीस मिनिटे गेली होती. राखीव होती पंचवीस. पंधरा मिनिटे कुठून तरी काढायची होती.

सलीमभाईंनी करोडीच्या रस्त्यावर चार मिनिटे वाचवली. उरलेली अकरा किल्ल्यातून काढणे भाग होते. महाद्वारात मी सर्वांना सांगितले, “चाँद मिनारपाशी थांबायचे नाही. फोटो येताना.” मग मावशींकडे वळलो. त्यांची चाल सर्वांत हळू, म्हणून त्यांना पुढे ठेवणार होतो.

मावशी तेथे नव्हत्या. चपला हातात, पदर कमरेला खोचलेला, आणि त्या पहिल्या पायऱ्या चढूनही गेल्या होत्या. मी घड्याळ पाहत मागून निघालो. बाविसाव्या मिनिटाला त्या चिनी महालात होत्या. मी तीन मिनिटे मागे होतो.

माझी चूक मला तेथे समजली. कँटीनमध्ये मी मोजली ती आठ तास उभे राहिलेल्या बाईची चाल होती. मेंढरांमागे चाललेले पाय मी मोजलेच नव्हते.

महालाला आता छप्पर नाही. भिंतीत निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे तेवढे उरले आहेत. गोवळकोंड्याच्या अखेरच्या सुलतानाला येथे कैदेत ठेवले होते, हे मी सर्वांना सांगितले. मावशी ऐकत नव्हत्या. त्या एका निळ्या तुकड्यासमोर उभ्या होत्या.

“आमच्या ड्रमावानीच निळा हाय की,” त्या म्हणाल्या. नंतर कठड्याशी जाऊन खालच्या माळाकडे बोट दाखवले. “तिथं बसायची म्या. तिथून हितलं कायबी दिसत नाय.” त्या बराच वेळ तिकडेच पाहत राहिल्या. मी घड्याळ खिशात टाकले. शेवटी त्यांनीच विचारले, “किती वाजले, सर? चला.”

बस एक सत्तावीसला स्टँडवर लागली. सेठ घड्याळासमोर उभे होते. “तीन मिनिटं आधी,” ते म्हणाले, आणि केबिनमध्ये गेले. पुढच्या वर्षीही बस मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनचा हजेरीपट मागवला. उशिराचे लाल शेरे आणि गल्लीच्या टँकरचे दिवस शेजारी शेजारी मांडले. बहुतेक शेरे टँकरच्या दिवशीच पडले होते. त्यांत मावशींचेही होते. तेवीस वर्षे नेकीने काम केलेल्या बाईला आम्ही कागदावर आळशी ठरवत होतो. मी ते शेरे कारखान्याच्या साहेबांकडून रद्द करून घेतले, आणि त्या महिन्यापासून माझ्या प्रत्येक तक्त्यात एक रकाना वाढला: पाणी.

मूळ प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते एका बसचे आणि एका दिवसाचे उत्तर आहे. रस्ते बदलले, शहर वाढले. वाचकांनी माझ्या आकड्यांवर विसंबू नये. घड्याळ घेऊन महाद्वारापासून चिनी महालापर्यंत स्वतः चालून पाहावे. निघण्यापूर्वी सोबतच्या माणसांच्या घरी पाणी कधी येते, तेवढे मात्र विचारावे.