छप्पर कापलेली गाडी

देसाई सरांच्या अंगणात उघड्या टपाची ती लांब, जुनी गाडी आहे. ती कारखान्यातूनच उघडी आली, असं सरांचे वडील, अण्णा, आयुष्यभर सांगत आले. काल सरांनी खात्री करायला इब्राहिम मिस्त्रींना बोलावलं; मीही तिथे होतो. मिस्त्रींनी दाराखाली हात घालून पत्रा चाचपला, मग जॅकने गाडी थोडी उचलली आणि म्हणाले, “आता दार लावा, सर.” दार चौकटीत अडलं.

“रंगावर जाऊ नका. कारखान्याची उघडी गाडी असती, तर खाली जाड पट्टी असती, उचलल्यावर गाडी अशी वाकली नसती. हिचं छप्पर कुणीतरी मागाहून कापलंय. हाडं बंद गाडीचीच आहेत,” मिस्त्री म्हणाले.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सरांनीच माझ्यावरचं छप्पर काढून मला आभाळ दाखवलं; ते उपकार फिटणार नाहीत. पण खालची पट्टी मुळातच असावी लागते. जरा भार पडला की माझंही आतलं काहीतरी वाकतं, आणि ते आता सरळ होईल असं वाटत नाही.

“म्हणजे अण्णा खोटं बोलले?” सरांनी मला विचारलं.

अण्णांनाही कुणीतरी फसवलं असेल, एवढंच मला म्हणायचं होतं. चार माणसांत बोलायला मला सरांनीच शिकवलं होतं. मी गाडीकडे बघत उभा राहिलो. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते घरात गेले.