काकींनी पट्टा चढवला

कात्र्यांच्या कारखान्यात काकींनी पट्ट्याच्या मशीनवर बावीस वर्षं काढली. खरखरीत पट्टा गरागरा फिरायचा, त्याला पातं टेकवलं की ठिणग्या उडायच्या. किती टेकवायचं, कधी उचलायचं, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. अशा बाईला एका सोमवारी नव्या मॅनेजरने बोलावून सांगितलं, "काकी, उद्यापासून पॅकिंगला बसा. वय झालं आता. मशीनवर पुरुषमाणूसच बरा."

त्यांच्या जागी आला तो दोन लेकरांचा बाप; हे काम त्याला काकींनीच हाताला धरून शिकवलेलं. मॅनेजरचं बोलणं शेजारी उभं राहून ऐकताना त्याने मान वर केली नाही.

तीन दिवस काकींनी कात्र्या खोक्यात भरल्या. चौथ्या दिवशी मूठभर कात्र्या त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर आपटल्या. "बघा, पाती टोकाला निळी पडलीत. जास्त दाबून तापवलीत. आठ दिवसांत बोथट होतील."

"तुम्ही खोकी भरा," तो म्हणाला.

काकींनी अंगावरचा एप्रन सोडून त्याच टेबलावर ठेवला आणि घर गाठलं.

काका पुढच्या खोलीत एक जळकी मोटर उघडून बसले होते. मोटरी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा.

"नोकरी सोडली. मला पट्ट्याची मशीन बांधायचीय."

"आधी जेवून घे."

"जेवण गेलं चुलीत. मोटर देता का बोला."

काकांनी भंगारातली वॉशिंग मशीनची मोटर नीट करून दिली. वेल्डरने लोखंडी चौकट जोडली, लेथवाल्याने चाकं काढून दिली, पट्टा ताणायला जुन्या स्कूटरची स्प्रिंग लागली. मोरीमागच्या बोळात मशीन उभी राहिली. बटण दाबलं, तर पट्टा चाकावरून सटकून भिंतीवर आदळला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काकी दिवसभर दातओठ खात चौकट सोडायच्या आणि परत आवळायच्या.

धाकटे दीर कप हातात घेऊन तमाशा बघायला आले. "वहिनी, विकत मिळते की. हा काय बायकांचा उद्योग?"

"भाऊजी, चहा संपला असेल तर कप विसळून ठेवा."

शेवटी पट्टा ज्यावर धावायचा ते मोठं चाक पिशवीत घालून काकी लेथवाल्याकडे गेल्या. "हे सपाट केलंस. मधोमध पोट हवं."

"काकी, फुगीर चाकावरून पट्टा घसरेल."

"बावीस वर्षं तेच बघत आलेय. केसभर फुगवटा काढ, शहाणपणा नंतर शिकव."

त्याने काढला. त्या संध्याकाळी पट्टा चाकाच्या मधोमध धावू लागला, तसूभरही हलला नाही. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. काका कौतुकाने म्हणाले, "आनंद झाला ना?"

"आनंद कसला? हे हात पॅकिंगला बसवले होते त्यांनी."

कात्र्यांना धार लावून घ्यायला शिंपी येऊ लागले, न्हावी येऊ लागले. आणि दीड महिन्याने मॅनेजर खोकं घेऊन दारात उभा. गिऱ्हाइकांनी कात्र्या परत केल्या होत्या. "काकी, घरचं काम समजून एवढ्या करून द्या."

काकींनी त्यातली एक उचलली, पट्ट्याला लावली, पाण्यात गार करत धार काढली आणि भिजलेला फडका नुसत्या टोकाने सरळ कापून दाखवला. मॅनेजरने हसत खोकं पुढे सरकवलं.

"थांबा. मला मशीनवरून उठवलं ती चूक होती, हे आधी कारखान्यात त्या मशीनपाशी, सगळ्यांसमोर सांगा. मग खोकं आणा."

"जाऊ द्या ना काकी. झालं गेलं विसरायचं."

"तुमचं झालं, गेलं. माझं नाही."

खोकं तसंच परत गेलं. मॅनेजर पुन्हा फिरकला नाही, चूकही कुणी कबूल केली नाही.

आला तो त्यांच्या जागी बसलेला चेला, एका रविवारी, खिशात चार पाती घेऊन. "काकी, माझी टोकं निळी का पडतात?"

"त्या सोमवारी एक शब्द बोलला असतास तर?"

"घाबरलो."

"घाबरलास. आणि मी काय दगड होते?" काकी अर्धा तास बोलत होत्या, शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. तो जागचा हलला नाही. बोलून बोलून घसा बसला तेव्हा त्यांनी मशीन सुरू केली, त्याचं मनगट धरलं आणि पातं पट्ट्याला टेकवलं.

"एवढंच. आता उचल. उचल म्हणते ना, गाढवा."